जिमी क्लिफ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिमी क्लिफ यांची ओळख थोडक्यात कशी करून द्यावी?

जमैकात जन्मलेले गायक, गीतकार आणि नट. रेगे संगीत कॅरिबियन बेटांबाहेर नेणाऱ्या पहिल्या पिढीतले ते एक प्रमुख कलावंत होते, आणि 1972 साली प्रदर्शित झालेल्या ‘द हार्डर दे कम’ या चित्रपटाचे नायक होते. त्यांची कारकीर्द साठ वर्षांहून अधिक काळ चालली. या काळात त्यांनी स्का, रॉकस्टेडी, रेगे, सोल (चर्चगायनाच्या वळणाचे कृष्णवर्णीय अमेरिकी संगीत) आणि पॉप अशा अनेक शैलींत गाणी केली. आपल्याकडे रेगे म्हटले की बॉब मार्ली यांचे छायाचित्र असलेला टी-शर्ट आठवतो, आणि क्लिफ यांचे नाव घेतल्यावर बहुतेकांना ओळख सांगावी लागते. जगाच्या बऱ्याच भागांत मात्र मार्लींच्या आधी क्लिफ पोहोचले होते.

त्यांचे खरे नाव काय? जन्मवर्ष वेगवेगळे का छापलेले आढळते?

खरे नाव जेम्स चेंबर्स. जमैकाच्या वायव्य भागात सेंट जेम्स परगण्यातल्या सॉमर्टन या खेड्यात त्यांचा जन्म झाला. माँटेगो बे हे आजचे पर्यटनाचे मोठे शहर तिथून फार लांब नाही, पण त्या काळी सॉमर्टन म्हणजे शेती, डोंगर आणि चर्च एवढेच होते. घरचे वातावरण ख्रिस्ती धर्मातल्या पेंटेकोस्टल पंथाचे असल्यामुळे गाण्याची पहिली तालीम चर्चमधल्या सामूहिक गायनात झाली. पुढे त्यांच्या आवाजात जी आर्तता लोकांना जाणवत राहिली, तिचे मूळ इथे आहे.

जन्मतारीख आता सर्वसाधारणपणे 30 जुलै 1944 अशी मानली जाते. जुन्या लेखांत आणि कोशांत 1948 हे साल सर्रास सापडते. त्यामुळे त्यांनी चौदाव्या वर्षी पहिले लोकप्रिय गाणे दिले, अशी एक आकर्षक गोष्टही फिरत राहिली. 1944 धरले तर त्या वेळी ते सतरा-अठरा वर्षांचे होते, आणि शाळा सोडून स्टुडिओंचे उंबरठे झिजवणाऱ्या मुलाला हेच वय अधिक शोभते.

‘क्लिफ’ हे आडनाव कुठून आले, आणि गाण्याची सुरुवात कशी झाली?

हे नाव त्यांनी स्वतः घेतले. आपल्याला उंच जायचे आहे, म्हणून डोंगरकड्याचे नाव, असे त्यामागचे कारण ते सांगत. शिक्षणासाठी ते खेड्यातून किंग्स्टनला आले आणि तांत्रिक शाळेत दाखल झाले, पण मन स्पर्धांत आणि ध्वनिमुद्रणात होते. सुरुवातीच्या दोन-तीन तबकड्या चालल्या नाहीत.

पुढची गोष्ट जमैकन संगीताच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. किंग्स्टनच्या ऑरेंज स्ट्रीटवर चिनी-जमैकन कुटुंबातल्या काँग बंधूंचे ‘बेव्हर्लीज’ हे दुकान होते. तिथे खाण्याचे पदार्थ आणि आइस्क्रीम मिळत असे आणि तबकड्याही विकल्या जात. संगीतनिर्मितीचा अनुभव मात्र कोणालाच नव्हता. तरुण क्लिफ यांनी दुकानाचेच नाव गुंफून ‘डिअरेस्ट बेव्हर्ली’ हे गाणे रचले, आत शिरून ते मालकांपुढे म्हणून दाखवले, आणि तुम्ही तबकड्या नुसत्या विकण्याऐवजी काढायला का लागत नाही, असा सवाल केला. इतर भावांना हसू आले, लेस्ली काँग यांनी मात्र मुलाचा आवाज ऐकून ठेवला. या भेटीतून लेस्ली काँग निर्माते झाले आणि ‘बेव्हर्लीज’ हा जमैकातला एक महत्त्वाचा रेकॉर्ड लेबल, म्हणजे तबकड्या काढणारा व्यवसाय, उभा राहिला. 1961 च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश होंडुरासला, म्हणजे आजच्या बेलीझला, झोडपणाऱ्या वादळाचे नाव घेऊन केलेले ‘हरिकेन हॅटी’ हे क्लिफ यांचे गाणे जमैकात गाजले. ‘मिस जमैका’ आणि ‘किंग ऑफ किंग्ज’ ही गाणी पाठोपाठ आली. 6 ऑगस्ट 1962 रोजी जमैका स्वतंत्र झाला, त्या दिवसांत रस्तोरस्ती जे संगीत वाजत होते त्यात क्लिफ यांचा आवाज होता.

बॉब मार्ली यांना क्लिफ यांनीच शोधून काढले, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे, पण ‘शोधून काढले’ हा शब्द थोडा मोठा आहे. ‘बेव्हर्लीज’मध्ये क्लिफ गायक तर होतेच, शिवाय नव्या गायकांना ऐकून निवडण्याचे कामही ते आणि गायक डेरिक मॉर्गन करत. वेल्डिंगच्या कामावर असलेला डेझमंड डेकर हा तरुण असाच त्यांच्यापुढे आला. त्याच कामावर मार्ली होते, आणि डेकर यांच्यामार्फत तेही ‘बेव्हर्लीज’पर्यंत पोहोचले. 1962 साली लेस्ली काँग यांनी मार्ली यांचे ‘जज नॉट’ हे पहिले गाणे ध्वनिमुद्रित केले. म्हणजे दार उघडणारा माणूस क्लिफ होते, एवढे निश्चित म्हणता येते. त्या वेळी ते स्वतःही विशीच्या आतले होते.

स्का, रॉकस्टेडी आणि रेगे यांत फरक काय, आणि क्लिफ यांची गाणी कशात मोडतात?

स्का हा 1960 च्या आसपासचा जलद, नाचरा प्रकार. अमेरिकी रिदम अँड ब्लूज, जॅझ आणि जमैकातले मेंटो हे लोकसंगीत यांच्या मिश्रणातून तो झाला, आणि त्यात ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी फुंकवाद्ये पुढे असतात. 1966 च्या सुमारास लय मंदावली, बेस गिटार ठळक झाली, गायकांना ओळ लांबवायला जागा मिळाली. ते रॉकस्टेडी. 1968 च्या सुमारास लयीने पुन्हा वळण घेतले आणि रेगे आला. रेगेमध्ये गिटारचा ठोका मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधल्या जागेत पडतो. ज्या ठिकाणी आपला हात टाळी द्यायला उचललेला असतो, तिथे गिटार वाजते. बेस हा या संगीताचा कणा असतो.

क्लिफ यांची कारकीर्द या तिन्ही टप्प्यांतून गेली, पण त्यांना फक्त रेगे गायक म्हणणे अपुरे ठरते. 1971 चा ‘अनदर सायकल’ हा अल्बम त्यांनी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मसल शोल्स इथे केला. हे गाव सोल संगीताच्या ध्वनिमुद्रणासाठी प्रसिद्ध आहे. पुढेही त्यांनी अमेरिकी वादकांबरोबर बरेच काम केले. शुद्धतावादी रेगे रसिकांनी याबद्दल त्यांना कधी पुरते माफ केले नाही. माझ्या मते हा दोष नव्हता. त्यांचा आवाज उंच, स्वच्छ आणि चर्चमध्ये घडलेला होता, आणि सोलमध्ये तो परका वाटत नाही.

ते इंग्लंडला कधी आणि का गेले?

1964 साली न्यूयॉर्कला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात जमैकाने आपले संगीत सादर करायला जो चमू पाठवला, त्यात बायरन ली यांच्या वाद्यवृंदाबरोबर क्लिफ होते. आयलंड रेकॉर्ड्सचे संस्थापक क्रिस ब्लॅकवेल यांच्या आग्रहावरून ते पुढे इंग्लंडला गेले. जमैकात चार जण ओळखणाऱ्या गायकाची लंडनमध्ये पाटी कोरी झाली. थंडी होती, वर्णद्वेष होता, आणि भाड्याची खोली मिळणेही कठीण होते. आयलंडला त्या काळी रॉक संगीताच्या बाजारात शिरायचे होते, त्यामुळे 1967 च्या ‘हार्ड रोड टू ट्रॅव्हल’ या अल्बमवर त्यांना रॉक आणि सोलकडे झुकलेली गाणी करावी लागली. तो अल्बम फारसा विकला गेला नाही.

मग जगाला त्यांचे नाव कधी कळले?

वळण आले ते दक्षिण अमेरिकेत. 1968 साली रिओ दि जानेरो इथल्या आंतरराष्ट्रीय गीत महोत्सवात ‘वॉटरफॉल’ हे गाणे घेऊन ते गेले आणि तिथल्या श्रोत्यांनी त्यांना उचलून धरले. काही दिवसांसाठी गेलेला गायक कित्येक महिने ब्राझीलमध्येच राहिला. त्याच मुक्कामाच्या काळातल्या उभारीतून ‘वंडरफुल वर्ल्ड, ब्यूटिफुल पीपल’ हे गाणे आले. 1969 मध्ये ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेले आणि अमेरिकेतही पहिल्या तिसांत आले. पुढच्याच वर्षी कॅट स्टीव्हन्स यांचे ‘वाइल्ड वर्ल्ड’ क्लिफ यांच्या आवाजात ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर पोहोचले, आणि क्लिफ यांनी लिहिलेले ‘यू कॅन गेट इट इफ यू रिअली वाँट’ हे गाणे डेझमंड डेकर यांनी गाऊन दुसऱ्या क्रमांकावर नेले. ज्याला ‘बेव्हर्लीज’मध्ये ऐकून निवडले होते, त्यानेच हे यश मिळवावे यात एक गंमत आहे.

‘व्हिएतनाम’ या गाण्याचे इतके कौतुक का होते?

युद्धविरोधी गाणी त्या काळी ढिगाने लिहिली जात होती, आणि त्यांतली अनेक गाणी आज घोषणांसारखी वाटतात. क्लिफ यांनी घोषणा टाळली. व्हिएतनाममधल्या एका सैनिकाचे पत्र मित्राला येते, लवकरच घरी परततो असे त्यात लिहिलेले असते, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या आईला तो गेल्याची तार येते. गाण्यात एवढेच घडते. त्याखाली वाजणारी लय मात्र नाचायला लावणारी आहे, आणि या विसंगतीमुळेच ते ऐकणाऱ्याला बेचैन करते. बॉब डिलन यांनी या गाण्याची उत्कृष्ट निषेधगीत म्हणून वाखाणणी केली, असे सांगितले जाते. पॉल सायमन यांच्यावर त्याचा परिणाम अधिक प्रत्यक्ष झाला. हा नाद आपल्या गाण्याला हवा म्हणून ते थेट किंग्स्टनला गेले आणि क्लिफ यांच्या साथीदार वादकांना घेऊन ‘मदर अँड चाइल्ड रियुनियन’ ध्वनिमुद्रित केले. अमेरिकी मुख्य प्रवाहातल्या गायकाने जमैकात जाऊन रेगे करण्याचे ते सुरुवातीचे उदाहरण आहे.

‘मेनी रिव्हर्स टू क्रॉस’ हे रेगे गाणे आहे का?

लयीच्या दृष्टीने पाहिले तर जवळजवळ नाही. ऑर्गनच्या सुरांवर उभे असलेले ते चर्चच्या धाटणीचे गाणे आहे. इंग्लंडमधल्या अपयशाच्या वर्षांत ते त्यांच्या मनात तयार झाले आणि 1969 मध्ये प्रकाशित झाले. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे डोव्हरचे पांढरे कडे त्यात येतात, म्हणजे युरोप आणि इंग्लंड यांच्यामध्ये कामासाठी खेपा घालणाऱ्या, कुठेच न रुजलेल्या माणसाचे ते गाणे आहे. हॅरी निल्सन यांनी जॉन लेनन यांच्या निर्मितीखाली ते गायले, यूबी-40 या ब्रिटिश वाद्यवृंदाने 1983 मध्ये ते पुन्हा लोकप्रिय केले, आणि जो कॉकर, शेर, अॅनी लेनॉक्स अशा परस्परांशी काहीही साम्य नसलेल्या गायकांनी त्याला हात घातला. तरीही मूळ ध्वनिमुद्रण ऐकल्यावर बाकीची थोडी सजवलेली वाटतात.

‘द हार्डर दे कम’ हा चित्रपट कशाबद्दल आहे?

आयव्हन मार्टिन हा खेड्यातला तरुण आजीच्या मृत्यूनंतर किंग्स्टनला येतो. आई त्याला सांभाळायला असमर्थ असते. तो एका धर्मोपदेशकाकडे काम करतो, तिथे भांडण होऊन फटक्यांची शिक्षा भोगतो, आणि गायक होण्यासाठी स्टुडिओबाहेर उभा राहतो. त्याचे गाणे ध्वनिमुद्रित होते, पण निर्माता त्याच्या हातावर वीस डॉलर टेकवून गाण्याचे सर्व हक्क स्वतःकडे ठेवतो. दुसरा मार्ग न उरल्याने आयव्हन गांजाच्या व्यापारात शिरतो, तिथली पोलिसांची हप्तेबाजी त्याला दिसते, आणि एका क्षणी तो पोलिसावर गोळी झाडतो. तो फरार होतो आणि ते दडपलेले गाणे अचानक सगळीकडे वाजू लागते. हातांत पिस्तुले घेऊन तो ऐटीत छायाचित्रे काढून घेतो. शेवटी किनाऱ्यावर सैनिकांच्या गोळ्यांनी तो मरतो.

दिग्दर्शक पेरी हेन्झेल यांनी हा चित्रपट नाटककार ट्रेव्हर रोन यांच्याबरोबर लिहिला. जमैकन लोकांनी जमैकात तयार केलेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. हेन्झेल पूर्वी जाहिरातपट करत असत. पैसे संपले की चित्रीकरण थांबायचे, जमले की पुन्हा सुरू व्हायचे. त्या ओढाताणीचा चित्रपटाला फायदाच झाला असावा, कारण त्यातल्या झोपडपट्ट्या, बाजार आणि स्टुडिओ हे सजवलेले देखावे नाहीत.

आयव्हन हे पात्र खऱ्या माणसावरून घेतले आहे का?

हो. व्हिन्सेंट मार्टिन, उर्फ ‘रायगिंग’, हा 1940 च्या दशकातला जमैकन गुन्हेगार. 1948 मध्ये तो तुरुंगातून पळाला, पोलिसांना महिनोन्‌महिने चकवत राहिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये किंग्स्टनजवळच्या लाइम के या लहानशा बेटावर मारला गेला. क्लिफ यांच्या लहानपणी त्याचे नाव पोरांना भीती घालायला वापरले जात असे. तो गायक नव्हता. संगीतधंद्याची बाजू चित्रपटकर्त्यांनी जोडली, आणि तीच चित्रपटाचा गाभा ठरली. किंग्स्टनमधल्या कितीतरी गायकांना गाण्यामागे मूठभर पैसे देऊन वाटेला लावले जात होते. स्टुडिओच्या प्रसंगांत जमैकन प्रेक्षकांना स्वतःच्या ओळखीचा व्यवहार दिसला.

क्लिफ यांना अभिनयाचा अनुभव होता का?

नव्हता. हेन्झेल यांनी त्यांना प्रथम संगीतासाठी विचारले. क्लिफ यांच्या एका अल्बमच्या वेष्टनावर त्यांची दोन छायाचित्रे होती, एकात ते जिंकलेल्या माणसासारखे दिसत आणि दुसऱ्यात हरलेल्या, आणि त्यावरून आपल्याला नायक सापडल्याचे हेन्झेल सांगत. त्यांची निवड अचूक होती. खेड्यातून शहरात येणे, स्टुडिओच्या दारात ताटकळणे, आवाजावर आंधळा विश्वास ठेवणे हे सगळे क्लिफ यांनी जगलेले होते, त्यामुळे पहिल्या तासात ते अभिनय करत आहेत असे वाटतच नाही. उत्तरार्धातला बंदूकधारी मात्र त्यांच्या स्वभावाच्या उलट होता, आणि तिथेच त्यांच्यातला नट दिसतो. आयव्हन क्रूर होत जातो, पण त्याच्या चेहऱ्यावरचा सिनेमातला नायक होण्याचा पोरकट आनंद क्लिफ शेवटपर्यंत सोडत नाहीत.

चित्रपटाचे स्वागत कसे झाले?

जून 1972 मध्ये किंग्स्टनच्या कॅरिब चित्रगृहात पहिला खेळ झाला तेव्हा गर्दी आवरेना. दारे तुटली, निमंत्रितांनाच आत जायला जागा उरली नाही. स्वतःची बोली, स्वतःचे रस्ते पडद्यावर पाहण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. परदेशात मात्र गाडी हळू चालली. पात्रे जमैकन बोली बोलतात, त्यामुळे इंग्रजी भाषक अमेरिकेतही उपशीर्षके द्यावी लागली. तिथे रॉजर कॉर्मन यांच्या कंपनीने तो हाणामारीचा चित्रपट म्हणून 1973 मध्ये वितरित केला आणि तो पडला. नंतर विद्यापीठांच्या गावांत मध्यरात्रीच्या खेळांना त्याला प्रेक्षक मिळाले. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथल्या एका चित्रगृहात तो वर्षानुवर्षे लागत राहिला.

चित्रपटापेक्षा त्याच्या गाण्यांचा अल्बम दूर गेला. त्यात क्लिफ यांच्या शीर्षकगीताबरोबर ‘मेनी रिव्हर्स टू क्रॉस’ आणि ‘सिटिंग इन लिम्बो’ आहेत, तसेच टूट्स अँड द मेटल्स, डेझमंड डेकर, द स्लिकर्स, स्कॉटी आणि द मेलोडियन्स यांची गाणीही आहेत. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ हे गाणे आपल्याकडे 1978 नंतर बोनी एम या वाद्यवृंदामुळे घरोघरी पोहोचले. त्याचे मूळ मेलोडियन्सचे रूप याच अल्बमवर आहे, आणि दोन्ही लागोपाठ ऐकल्यास डिस्कोने त्यातले काय काढून घेतले ते लगेच कळते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत या अल्बमचा समावेश 2021 मध्ये जाहीर केला.

एवढे यश मिळूनही त्यांना मार्लींइतकी कीर्ती का मिळाली नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याची उत्तरे बहुधा दैवावर ढकलली जातात. घटनांचा क्रम पाहिला तर दैवाची फारशी गरज पडत नाही. लेस्ली काँग 1971 च्या ऑगस्टमध्ये, चाळिशीही न गाठता, हृदयविकाराने गेले आणि क्लिफ यांचा जमैकातला आधार तुटला. चित्रपट आला त्याच सुमारास क्लिफ यांनी आयलंड कंपनी सोडली. पैशांबद्दल त्यांची नाराजी होती, आणि मोठ्या कंपन्यांकडून चांगले प्रस्ताव येत होते. ब्लॅकवेल यांच्या डोक्यात तोवर एक कल्पना पक्की झाली होती : चित्रपटातल्या बंडखोर आयव्हनची प्रतिमा घेऊन रेगे गायकाला रॉक श्रोत्यांपुढे उभे करायचे. क्लिफ गेल्यानंतर काही दिवसांतच मार्ली त्यांच्या कार्यालयात आले. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. क्लिफ यांच्या भूमिकेतून तयार झालेली जागा मार्लींच्या वाट्याला आली.

याला क्लिफ यांचा स्वभावही कारणीभूत आहे. मार्लींकडे एक धर्म, एक वाद्यवृंद, एक गाव आणि एक ठाम संदेश होता. क्लिफ यांनी यातले काहीच एकाच जागी ठेवले नाही. चित्रपट जगभर फिरत असताना, बाजाराच्या हिशेबाने ज्या वेळी सलग रेगे अल्बम काढायचे, त्या वेळी ते आफ्रिकेत आपली मुळे शोधत होते. विक्रीच्या दृष्टीने ही चूक म्हणता येईल. पण ज्याच्या उत्तम गाण्यांचा विषयच प्रवास आणि अधांतरी राहणे हा आहे, त्याने एका जागी ठाण मांडून बसावे ही अपेक्षा मला तरी विचित्र वाटते. मार्लींशी त्यांचे वैर होते, अशा कथांना मात्र आधार नाही.

ते रास्ताफारी होते की मुस्लीम?

वाढले ख्रिस्ती घरात, तरुणपणी रास्ताफारी, म्हणजे आफ्रिकेला मूळभूमी मानणाऱ्या जमैकन धर्मपंथाच्या, विचारांच्या सहवासात राहिले, आणि 1970 च्या दशकात त्यांनी इस्लाम स्वीकारला. नंतरच्या मुलाखतींत आपण कोणत्याही एका संघटित धर्माचे नाही, विश्व आणि विज्ञान यांकडे पाहून विचार करतो, असे ते सांगत. रेगे गायक म्हणजे रास्ताफारीच, हा समज त्यांच्या बाबतीत चुकीचा ठरतो.

आफ्रिका आणि ब्राझीलमध्ये त्यांना एवढे मानतात ते का?

या दोन ठिकाणी ते पाहुणे म्हणून गेले नाहीत. पश्चिम आफ्रिकेत त्यांनी वारंवार दौरे केले. 1980 मध्ये, वर्णभेदाची राजवट कायम असताना, त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोमध्ये कार्यक्रम केला. 1985 मध्ये त्या राजवटीविरुद्ध अनेक कलावंतांनी एकत्र येऊन केलेल्या ‘सन सिटी’ या गाण्यातही त्यांचा आवाज आहे. ब्राझीलमध्ये त्यांनी 1980 साली जिल्बेर्तो जिल यांच्याबरोबर दौरा केला. जिल पुढे त्या देशाचे सांस्कृतिक मंत्री झाले. बाहिया प्रांतातल्या साल्वादोर शहराशी क्लिफ यांचे घरचे नाते जुळले. तिथे जन्मलेली त्यांची कन्या नबीया बी गायिका आणि अभिनेत्री असून ‘ब्लॅक पँथर’ या चित्रपटात तिने काम केले आहे. फ्रान्समध्ये त्यांची लोकप्रियता वेगळ्या कारणाने आहे : 1983 चे ‘रेगे नाइट’. ते गाणे मला पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटत नाही, पण तिथल्या एका पिढीला ते पाठ आहे.

त्यांनी आणखी कोणत्या चित्रपटांत काम केले?

फार थोड्या. 1986 च्या ‘क्लब पॅरडाइज’ या विनोदी चित्रपटात रॉबिन विल्यम्स आणि पीटर ओटूल यांच्याबरोबर त्यांची महत्त्वाची भूमिका होती. 1990 च्या ‘मार्क्ड फॉर डेथ’ या मारधाडपटात ते वाद्यवृंदासह दिसतात. आयव्हनच्या तोडीची भूमिका त्यांना पुन्हा कोणी दिली नाही, आणि कॅरिबियन माणसाकडे हॉलिवूड तेव्हा ज्या नजरेने पाहत होते, त्यात ती मिळणे शक्यही नव्हते. चित्रपटांना त्यांचा आवाज मात्र मिळत राहिला.

‘आय कॅन सी क्लिअरली नाऊ’ हे त्यांचेच गाणे ना?

नाही. ते जॉनी नॅश यांनी लिहून 1972 मध्ये गायलेले गाणे आहे. जमैकाच्या बॉबस्ले (बर्फावरच्या घसरगाडीची शर्यत) संघावरच्या ‘कूल रनिंग्ज’ या चित्रपटासाठी क्लिफ यांनी 1993 मध्ये ते नव्याने गायले आणि अमेरिकेत पहिल्या वीसांत नेले. नव्या पिढीने त्यांना या गाण्यामुळे ओळखले. उलट बाजूने, ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे म्हणून अनेकांना माहीत असलेले ‘ट्रॅप्ड’ हे क्लिफ यांचे आहे.

त्यांना कोणते सन्मान मिळाले?

‘क्लिफ हँगर’ या 1985 च्या अल्बमला आणि ‘रीबर्थ’ या 2012 च्या अल्बमला रेगे विभागाचे ग्रॅमी मिळाले. जमैका सरकारने 2003 मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ दिला. 2010 मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. त्यांच्याआधी तिथे जमैकातून बॉब मार्लीच होते. 2019 मध्ये माँटेगो बे शहरातल्या पर्यटकांनी गजबजलेल्या ग्लॉस्टर अॅव्हेन्यूला त्यांचे नाव देण्यात आले.

यांपैकी ‘रीबर्थ’बद्दल थोडे सांगायला हवे. अमेरिकी पंक संगीतातले टिम आर्मस्ट्राँग यांनी तो निर्माण केला, आणि साठच्या दशकातल्या जमैकन ध्वनिमुद्रणाचा पोत मुद्दाम परत आणला. त्यात क्लिफ यांनी ‘द क्लॅश’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’ गायले आहे. त्या गाण्यात आयव्हनचा आणि चित्रपटाच्या शेवटाचा उल्लेख आहे. 1972 मध्ये ज्याने आयव्हन उभा केला, तोच चाळीस वर्षांनी दुसऱ्यांनी आयव्हनवर लिहिलेली ओळ गातो, आणि आवाजात कुठेही म्हातारपणाची सहानुभूती मागत नाही.

त्यांचे निधन कधी झाले?

24 नोव्हेंबर 2025 रोजी, वयाच्या 81 व्या वर्षी. अपस्माराचा झटका आणि त्यानंतर झालेला न्यूमोनिया हे कारण कुटुंबाने कळवले. शेवटचा अल्बम ‘रेफ्युजीज’ 2022 मध्ये आला होता.

नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

‘द हार्डर दे कम’च्या अल्बमपासून, आणि तो गाणी न वगळता ऐकावा. त्यानंतर 1969-70 च्या काळातला, ‘व्हिएतनाम’ ज्यात आहे तो अल्बम घ्यावा. ‘बेव्हर्लीज’च्या काळातली सुरुवातीची गाणी संकलनांमधून मिळतात. ध्वनी कच्चा आहे, आत्मविश्वास मात्र पक्का आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावरचे अल्बम असमान आहेत, त्यांतली निवडक गाणी पुरेत. ऐंशीच्या दशकातले कीबोर्ड आणि यांत्रिक ड्रम सहन होत असतील तरच ‘क्लिफ हँगर’कडे वळावे, अन्यथा थेट ‘रीबर्थ’ लावावा. चित्रपट पाहताना उपशीर्षके सुरू ठेवायला संकोच करू नये, आणि मोबाइलच्या स्पीकरवर रेगे ऐकू नये. त्यावर बेस ऐकूच येत नाही.